डिकीतला एक फॅरड

आपली अख्खी पृथ्वी एक सलग वाहक गोळा आहे असं धरून तिची विद्युत धारकता काढली, तर उत्तर येतं साधारण ७१० मायक्रोफॅरड. एका फॅरडचा हजारावा भागही नाही. रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या जुन्या कारागिरांना ‘एक फॅरड’ हा शब्द पुस्तकातच वाचायला मिळायचा. त्यांच्या हाताखालून जाणारे कपॅसिटर असायचे मायक्रोफॅरडचे, नाहीतर पिकोफॅरडचे. आज मात्र कुठल्याही कार ॲक्सेसरीजच्या दुकानात एक फॅरडचा कपॅसिटर काचेच्या कपाटात उभा दिसतो. पाण्याच्या बाटलीएवढा, क्रोमचा चकचकीत डबा, डोक्यावर निळ्या आकड्यांत व्होल्टेज. आणि त्याच्यासोबत ठरलेलं वाक्य: “साहेब, बास वाजला की हेडलाइट डिम होतात ना? एक कपॅसिटर टाकून घ्या, लाइट हलणार नाही. हजार वॉटला एक फॅरड, सोपा हिशेब.”

या वाक्यातलं पहिलं अर्धं खरं आहे. जोरदार सबवूफर बसवलेली गाडी रात्री समोरून येत असेल, तर गाण्याचा ठेका ऐकू येण्याआधी तिच्या दिव्यांत दिसतो. पण उरलेलं अर्धं, म्हणजे कपॅसिटरने ते थांबतं हे, बहुतेक गाड्यांत खरं ठरत नाही. कपॅसिटर बनावट असतो म्हणून नव्हे. चांगल्या कंपनीचा, खऱ्या एक फॅरडचा असला तरी ठरत नाही. तो काम करतो, पण ते काम वेगळंच असतं.

आधी गाडीत वीज येते कुठून ते पाहू. इंजिन बंद असताना सगळा भार बॅटरीवर, आणि भरलेली लेड-ॲसिड बॅटरी दाखवते १२.६ व्होल्ट. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर फिरतो आणि व्होल्टेज १४ ते १४.४ पर्यंत चढतं. अनेकांचा समज असा की चालत्या गाडीतही म्युझिक सिस्टिम बॅटरीवरच चालते. तसं नाही. व्होल्टेज तेराच्या वर आहे तोवर बॅटरी काही देत नसते, उलट घेत असते. अल्टरनेटर म्हणजे दरमहा येणारा पगार, बॅटरी म्हणजे बँकेतली शिल्लक आणि कपॅसिटर म्हणजे खिशातली चिल्लर. रिक्षावाल्याला पटकन द्यायला चिल्लर बरी पडते, पण ती संपली की पुन्हा पगारातूनच काढावी लागते. खर्च पगारापेक्षा जास्त असेल तर खिसे वाढवून उपयोग नाही.

आता खर्च किती ते बघू. खरोखर १००० वॉट आरएमएस देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर जवळपास ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण आवाजात तो आत घेतो १२५० वॉट. १३.८ व्होल्टला ते होतात ९० अँपिअर. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर आत गेलेल्या विजेचा अर्ध्याच्या आसपास भाग नुसता तापण्यात जातो. तिकडे छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर पूर्ण वेगात ६० ते ९० अँपिअर देतो. इंजिन आयडलवर असेल तर त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातही इंधन पंप, इग्निशन, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट हे सगळे आधीच हात पसरून बसलेले. पावसाळ्यात रात्री सिग्नलला अडकलात, वायपर चालू, एसी चालू, मागची काच गरम करणारी तार चालू. वूफरसाठी उरतं ते फार थोडं.

बहुतेक गाड्या यातून निभावून जातात, कारण गाणं सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही. नेहमीच्या संगीतात सरासरी खर्च कमाल खर्चाच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असतो. दुसरं कारण जरा गमतीचं: खोक्यावर छापलेले वॉट. खरं जाणून घ्यायचं तर खोकं ठेवून द्या आणि ॲम्पचे फ्यूज बघा. ३०-३० अँपिअरचे दोन फ्यूज असलेला ॲम्प दीर्घकाळ ६० अँपिअरच्या वर ओढू शकत नाही, म्हणजे आत साधारण ८३० वॉट आणि बाहेर फार तर साडेसहाशे. त्याच्यावर ‘३००० वॉट’ लिहिलेलं असेल तर ते वाचून हसायचं आणि पुढे जायचं. (विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचा हा हिशेब नाही. ती जनरेटरवर चालते, आणि तिचे प्रश्न विजेचे कमी, कायद्याचे जास्त.)

ठोका पडला की व्होल्टेज तीन कारणांनी खाली येतं. बॅटरीपासून डिकीतल्या ॲम्पपर्यंत गेलेल्या वायरचा आणि अर्थिंगचा रोध हे पहिलं. अल्टरनेटरचा आळस हे दुसरं. त्याचा रेग्युलेटर फिरत्या कॉइलमधला प्रवाह वाढवून उत्पादन वाढवतो, पण कॉइलमधला प्रवाह क्षणात चढत नाही, त्याला सेकंदाचा काही भाग लागतोच. आणि तिसरं, अल्टरनेटरची ऐपतच संपलेली असणं. मग व्होल्टेज घसरत साडेबाराच्या आसपास येतं आणि बॅटरी भार उचलते.

कपॅसिटर इथे काय देऊ शकतो? एक फॅरड म्हणजे व्होल्टेज एका व्होल्टने उतरलं की एक कूलोम विद्युतभार बाहेर येतो. एक कूलोम म्हणजे १०० अँपिअर, पण फक्त १० मिलिसेकंद. ढोलकीची थाप असो की ड्रमची किक, बासचा एक ठोका सहज २०० मिलिसेकंद रेंगाळतो. तेवढा वेळ १०० अँपिअर हवे असतील तर २० कूलोम लागतील. कपॅसिटरने दिला एक. उरलेले एकोणीस द्यायला अल्टरनेटर आणि बॅटरीच आहेत. ऊर्जेच्या भाषेत बोलायचं तर १४.४ व्होल्टला एक फॅरडमध्ये १०४ ज्यूल मावतात, आणि त्यातले १२ व्होल्टपर्यंत उतरताना मिळतात जेमतेम ३२. १०४ ज्यूल म्हणजे दहा किलोची पिशवी जमिनीवरून मीटरभर उचलायला लागणारी ऊर्जा. ३५ अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीत याच्या हजारो पट ऊर्जा असते.

मग पृथ्वीला लाजवणारी धारकता असून ऊर्जा इतकी कमी कशी? कारण ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते. हॉस्पिटलमधल्या डीफिब्रिलेटरमध्ये कपॅसिटर असतो शे-दोनशे मायक्रोफॅरडचाच, पण तो दोन हजार व्होल्टच्या घरात भरला जातो आणि थांबू पाहणाऱ्या हृदयाला दोनशेहून अधिक ज्यूलचा झटका देतो. गाडीतला कपॅसिटर फॅरडने श्रीमंत आणि व्होल्टेजने गरीब.

कपॅसिटर कोणत्या गतीचे चढउतार पुसू शकतो, हे त्याची धारकता आणि समोरच्या पुरवठ्याचा रोध यांच्या गुणाकारावरून कळतं. बॅटरी, वायर आणि अर्थिंग मिळून १५ मिलिओहम रोध धरला, तर एक फॅरडसाठी हा काळ येतो १५ मिलिसेकंद. याहून झटपट होणारे चढउतार कपॅसिटर सपाट करतो. याहून सावकाश होणारे त्याला जाणवत नाहीत, तो त्यांच्यासोबत खाली-वर होत राहतो. आता हेडलाइट घ्या. हॅलोजन बल्बची तार लगेच थंड होत नाही की लगेच तापत नाही. एलईडी ब्रेकलाइट जुन्या बल्बपेक्षा जवळपास दोन दशांश सेकंद आधी पेटतो असं सांगतात, ते याच आळसामुळे. म्हणजे १५ मिलिसेकंदांची घसरण बल्बला पुरती कळतही नाही. दिवा डोळ्यांना दिसेल इतका मंदावला, याचा अर्थच असा की व्होल्टेज शंभर-दोनशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ खाली होतं. आणि तेवढा वेळ कपॅसिटरच्या आवाक्याबाहेरचा. जी घसरण कपॅसिटर थांबवू शकतो ती दिव्यात दिसत नाही, आणि जी दिव्यात दिसते ती कपॅसिटर थांबवू शकत नाही. दुकानदाराच्या त्या वाक्याचं खंडन यापेक्षा सरळ करता येणार नाही.

अजून एक गोष्ट दिव्यामुळे फसवी होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज १४ वरून १३ वर आलं तर उजेड पाचव्या हिश्शाहून जास्त घटतो आणि डोळा तो लगेच टिपतो. तीच एका व्होल्टची घसरण आवाजात धरली, तर रेग्युलेटेड नसलेल्या ॲम्पची कमाल ताकद उतरते सुमारे ०.६ डेसिबलने. एक डेसिबलचा फरकही शांत खोलीत लक्ष देऊन ऐकावा लागतो. काचा बंद करून, वूफर धडधडत असताना ०.६ डेसिबल कोणाच्या कानाला कळणार? १४.४ वरून थेट १२ वर उतरलं तरी नुकसान १.६ डेसिबलचं. तेव्हा ‘कपॅसिटर टाकल्यावर बास किती सुटला!’ असं कोणी सांगितलं, तर त्या दिवशी गाडीत आणखी काय काय बदललं ते विचारावं.

कारण बदललेलं असतं. कपॅसिटर बसवायला गाडी आणली की कारागीर जुनी पातळ वायर काढतो, जाडी टाकतो, फ्यूज होल्डर नवा लावतो, अर्थिंगचा सैल बोल्ट आवळतो. गुण येतो तो याचा, नाव होतं कपॅसिटरचं.

हे तपासायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा एकसुरी टोन लावा, आवाज नेहमीइतका. काही सेकंदच, नाहीतर वूफरची कॉइल तापते. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा, मग ॲम्पच्या टर्मिनलवर. समजा बॅटरीवर १३.६ आणि ॲम्पवर १२.१ मिळाले. दीड व्होल्ट वाटेत सांडला. कुठे, ते शोधायला मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर आणि काळी ॲम्पच्या प्लसवर धरा (एक लांब वायर जोडून घ्यावी लागेल). आकडा आला ०.६. मग तसंच मायनसकडे: ०.९. म्हणजे दोष वायरपेक्षा अर्थिंगमध्ये मोठा. ॲम्पची काळी वायर जिथे बॉडीला कसली आहे तो बोल्ट काढा. दहात नऊ वेळा वायरच्या टोकाच्या लगखाली गाडीचा रंग तसाच असतो. तो पॉलिश पेपरने खरवडून, चकाकता पत्रा उघडा करून, दातेरी वॉशर टाकून बोल्ट पुन्हा आवळा आणि वरून गंज न धरणारा थर द्या. बहुतेकदा ०.९ चा ०.२ होतो, आणि खर्च एका वॉशरचा.

उलट बॅटरीवरच व्होल्टेज १२.३ पर्यंत कोसळलं असेल तर वायरची चूक नाही, पुरवठाच अपुरा आहे. तिथे जास्त क्षमतेचा अल्टरनेटर किंवा कमी अंतर्गत रोधाची एजीएम बॅटरी हेच उपाय. किंवा आवाज कमी करणं, पण हे सुचवून मैत्री टिकत नाही.

वायरबद्दल दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ८ चौरस मिलिमीटर तांब्याच्या पाच मीटर वायरमधून १०० अँपिअर गेले तर त्या एका वायरीतच एक व्होल्टहून जास्त जातो. २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानात ‘चार गेज’ म्हणून मिळते ती, वापरली तर नुकसान ०.४ वर येतं. पण स्वस्त किटमधली वायर बरेचदा आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपट, आणि जाड इन्सुलेशनमुळे बघताना मात्र ती भारदस्त दिसते. टोक कापून चाकूने खरवडलं की पांढरा धातू दिसतो. याशिवाय गाडीच्या बॉनेटखाली तीन वायरी असतात ज्यांच्याकडे कोणी बघत नाही: अल्टरनेटरपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतची, बॅटरीच्या मायनसपासून बॉडीपर्यंतची आणि इंजिनपासून बॉडीपर्यंतची. कंपनीने त्या मूळ गाडीच्या गरजेपुरत्या दिलेल्या असतात. त्यांच्यासोबत जाड वायरी जोडणं हा कार ऑडिओवाल्यांचा जुना आणि खराच उपयोगी उपाय आहे.

अलीकडच्या गाड्यांत एक नवी भानगड आहे. इंधन वाचवण्यासाठी इंजिनचा कंप्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज स्वतः ठरवतो. बॅटरी भरलेली दिसली की तो ते मुद्दाम साडेबारापर्यंत उतरवतो, ब्रेक मारताना चढवतो. मीटरवर असा आकडा दिसला तर अल्टरनेटर बिघडला असं समजू नका. अशा गाडीत बॅटरीच्या मायनस टोकाला प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. ॲम्पची अर्थ वायर थेट त्या टोकावर नेली, तर वूफरचा खर्च सेन्सरच्या नजरेतून सुटतो आणि कंप्युटरचा हिशेब चुकतो. म्हणून अर्थिंग बॉडीलाच द्यायचं.

मग कपॅसिटर घ्यायचाच नाही का? वायरी जाड आहेत, अर्थिंग स्वच्छ आहे, अल्टरनेटर पुरेसा आहे, आणि तरीही मोठ्या ॲम्पला ठोक्याच्या पहिल्या धक्क्यात किंचितही खाली यायचं नाही, असं ज्यांना हवं आहे त्यांनी जरूर घ्यावा. अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या दशकांत कार ऑडिओच्या स्पर्धा रंगल्या, तिथे प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला गुण होते, तेव्हा हा डबा शोभूनही दिसायचा. लांब वायर संपते तिथे, ॲम्पपासून फूट-दीड फुटात तो बसवला तरच त्याला अर्थ. अल्टरनेटरची शिट्टी स्पीकरमधून येत असेल तर मात्र कपॅसिटरकडून आशा नको. ती बहुतेक वेळा चुकीच्या अर्थिंगमुळे येते.

घेतलाच तर तो जोडताना घाई नको. रिकामा कपॅसिटर बॅटरीला थेट लावला तर पहिल्या क्षणी तो शॉर्टसर्किटसारखा वागतो. ठिणगी उडते, फ्यूज जातो, टर्मिनलवर काळा डाग पडतो. म्हणून प्लस वायर आणि कपॅसिटर यांच्यामध्ये १२ व्होल्टचा साधा इंडिकेटर बल्ब धरायचा. बल्ब आधी लख्ख पेटतो, मग पिवळा होत जातो, मग तार नुसती लालसर दिसते आणि विझते. बल्ब विझला की कपॅसिटर भरला. आता वायर थेट कसायची. काढताना उलट, त्याच बल्बमधून रिकामा करायचा. प्लस-मायनसची अदलाबदल तर कधीच नको. आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ ऑक्साइडचा थर असतो, सगळी करामत त्याच्यावर. उलट्या दिशेने वीज गेली की तो थर मोडतो, आतला द्रव उकळतो आणि डबा फुगून फुटू शकतो. बॅटरीपाशी, फूटभरातच, मुख्य फ्यूज हवा हे वेगळं सांगायला नको; कपॅसिटर असो वा नसो.

डब्यावरचे फॅरड खरे आहेत की नाहीत, हेही घरी तपासता येतं. १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या. कपॅसिटर १२ व्होल्टपर्यंत भरून बॅटरीपासून सोडवा, वरचा डिजिटल मीटर काढता येत असेल तर तोही बाजूला करा, रेझिस्टर दोन टोकांत जोडा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा. खरा एक फॅरड असेल तर व्होल्टेज ४.४ पर्यंत उतरायला शंभर सेकंदांच्या आसपास लागतील. ‘१० फॅरड’ लिहिलेल्या डब्याला हजार लागायला हवेत. स्वस्तातल्या ‘हायब्रिड’ डब्यांची आणखी एक अडचण अशी की फॅरड भरले तरी त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो. दहा मिलिओहम रोधाच्या कपॅसिटरमधून १०० अँपिअर काढायला गेलं तर पूर्ण एक व्होल्ट त्याच्या पोटातच जिरतो. तो निळा आकडाही फुकट चालत नाही. सिस्टिमसोबत मीटर चालू-बंद करणारी रिमोट वायर नीट जोडलेली नसेल आणि तो सतत ५० मिलिअँपिअर पीत राहिला, तर आठवडाभर उभ्या गाडीच्या बॅटरीतून आठ अँपिअर-तासांच्या वर जातात. तरीही मला विचाराल तर या डब्याचा सर्वांत कामाचा भाग तो मीटरच आहे. निदान चालकाला व्होल्टेज दिसतं, आणि दिसू लागलं की खरा दोष शोधायची बुद्धी होते.

सुपरकपॅसिटरचं प्रकरण निराळं. त्याचा एक सेल २.७ व्होल्टचा. असे सहा एकामागे एक जोडले की १६ व्होल्टचा संच तयार होतो, आणि प्रत्येक सेल ३००० फॅरडचा असेल तर संच ५०० फॅरडचा. वरचाच १५ मिलिओहमचा गुणाकार इथे केला तर काळ येतो साडेसात सेकंद. आता सबंध ठोकाच काय, गाण्याची ओळच्या ओळ पोटात घेता येते आणि हेडलाइट खरंच हलत नाहीत. सरासरी खर्च अल्टरनेटरच्या ऐपतीत असेल तर, ही अट मात्र इथेही सुटत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनीही कपॅसिटर स्वीकारला तो याच रूपात. माझ्दाने २०१२च्या सुमारास ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा सुपरकपॅसिटरमध्ये साठवून गाडीतल्या विजेसाठी वापरायला सुरुवात केली, आणि त्याआधी प्यूजो-सिट्रोएनने सिग्नलला बंद होणारं इंजिन पुन्हा झटकन सुरू करायला तो वापरला.

असा संच डिकीत बसवायचा तर सहाही सेलांचं व्होल्टेज सारखं राखणारं बॅलन्सिंग सर्किट लागतं, नाहीतर एक सेल जास्त भरतो आणि आधी मरतो. आणि तो पूर्ण भरलेला असताना पाना हातातून निसटून दोन टोकांवर आडवा पडला, तर हजारो अँपिअरमध्ये पान्याचं टोक वितळून तिथेच चिकटतं. म्हणून टर्मिनलवर रबरी टोप्या असल्याशिवाय जाणकार कारागीर त्याला हात लावत नाहीत, आणि आधी अंगठी-घड्याळ काढून ठेवतात.